आत्याचा चंद्र पंचवीस मिनिटं उशिरा का उगवला?

संकष्टीच्या रात्री नागपूरहून आत्याचा फोन आला. "बाळा, तुमच्याकडे चंद्र निघाला का रे? मी केव्हाची वाट पाहून राहिली." आभाळ गच्च भरलेलं, चंद्र डोळ्यांनी दिसायची सोय नाही, म्हणून ती मोबाइलवरच्या पंचांगाकडे नजर लावून बसली होती. मोबाइल सांगत होता, अजून अवकाश आहे. शेजारच्या काकूंचा उपास सुटून भांडीसुद्धा घासून झाली होती. त्यांच्या घरी भिंतीवरचं कॅलेंडर होतं.

भानगड दुसऱ्या दिवशी उलगडली. ते ॲप सगळ्यांना मुंबईचाच चंद्रोदय दाखवत होतं. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत साधारण सव्वासहा अंशांचा फरक आहे, आणि एका अंशामागे चार मिनिटं हा शाळेतला हिशेब. म्हणजे नागपुरात चंद्र मुंबईच्या जवळपास २५ मिनिटं आधी उगवतो. "तुम्ही कुठल्या गावच्या?" असं त्या ॲपने आत्याला कधी विचारलंच नव्हतं.

याच ॲपला साडेचारच्या वर तारे होते. डाउनलोड लाखांत. आयकॉनवर सुबक गणपती. आणि ते तिच्या फोनमध्ये मीच टाकून दिलं होतं, शोधल्यावर सगळ्यात वर आलं म्हणून. घरातला 'मोबाइलमधलं कळणारा' मुलगा मीच ना.

जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांनी चालवलेलं ॲपचं दुकान, आणि त्यात साधं बरोबर पंचांग वर येत नाही, हे कसं? थोडक्यात सांगायचं तर दुकान जे मोजता येतं त्याची रांग लावतं, आणि आपल्याला हवं असतं ते बहुधा मोजता येण्यासारखं नसतं. पण हे एवढ्यावर सोडून देण्यासारखं नाही, कारण या प्रकरणाच्या पोटात बरंच काही आहे.

फळी संपत नाही, पडदा संपतो

ॲपलचं ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडलं तेव्हा त्यात ५०० ॲप होती. एखाद्या चिकाटीच्या माणसाने दिवाळीच्या सुट्टीत सगळी चाळली असती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडचा बाजार सुरू झाला, मार्च २०१२ मध्ये त्याचं नाव प्ले स्टोअर झालं. २०२४ च्या सुरुवातीला ॲपफिगर्स या कंपनीच्या मोजणीनुसार प्ले स्टोअरमध्ये सुमारे ३४ लाख ॲप होती. एकेकाला एक मिनिट दिलं, झोप-जेवण सगळं सोडलं, तरी संपायला साडेसहा वर्षं लागतील.

गल्लीतल्या वाण्याकडे असं होत नाही. त्याच्या फळीवर जागा मोजकी असते, म्हणून काय ठेवायचं हे त्यालाच ठरवावं लागतं. तूरडाळ शिजत नसेल तर बाई पिशवी घेऊन त्याच्याच गल्ल्यावर येऊन उभी राहते. वाण्याची ही निवड आपलं अर्धं काम करून ठेवते, आपल्याला ते जाणवतही नाही. ॲपच्या दुकानात फळीला भाडं नाही. गूगलकडे खातं उघडायला एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर. तेवढे भरले की माल लावायला मोकळे. फळी अमर्याद झाली, पण आपल्या हातातला पडदा तेवढाच राहिला. त्यावर एका वेळी पाच-सहा नावं मावतात. सगळी मारामारी आता त्या पाच-सहा जागांची आहे.

मग दारावर कोणी बघतच नाही का? बघतात. ॲपलच्या स्वतःच्या अहवालानुसार २०२३ साली तपासणीसाठी सुमारे ६९ लाख अर्ज आले, त्यातले साडेसतरा लाखांहून अधिक नाकारले गेले. आकडा दांडगा आहे. पण तपासतात काय? ॲप मध्येच बंद पडत नाही ना, फसवणूक करत नाही ना, नियमात बसतं ना. अन्न व औषध प्रशासनाचा माणूस खानावळीत येतो तो स्वयंपाकघरात झुरळं आहेत का हे बघायला. आमटीला चव आहे का हे तो लिहून नेत नाही. चंद्र नागपूरचा आहे की मुंबईचा, हे तपासणाऱ्याला कळायचं कारणच नाही.

शोधयंत्राला पंचांग कळत नाही

आपण 'पंचांग' असं लिहितो तेव्हा दुकानाचं यंत्र प्रत्येक पंचांग उघडून तिथ्या ताडून बघत नाही. ते खुणा बघतं. नावात हा शब्द आहे का, वर्णनात आहे का, किती जणांनी उतरवलं, किती जणांनी दोन दिवसांत काढून टाकलं, तारे किती, तक्रारी किती. नेमकं सूत्र कंपन्या सांगत नाहीत, सांगितलं तर लोक दुसऱ्या दिवशी त्याचा फायदा उठवतील. तसे ते न सांगताही उठवतातच.

या उठवण्याला धंद्यात 'एएसओ' म्हणतात, ॲप स्टोअर ऑप्टिमायझेशन. एके काळी ॲपची नावं म्हणजे लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची यादी असायची: मराठी पंचांग कॅलेंडर राशिभविष्य सण उपवास मुहूर्त फ्री नंबर वन. २०२१ मध्ये गूगलने नावाला ३० अक्षरांची मर्यादा घातली, नावात 'फ्री', 'नंबर वन' असं लिहायला बंदी केली. मग तेच शब्द वर्णनात गेले. मराठीची आणखी एक गंमत आहे. आपण शोधताना बहुतेक वेळा रोमन लिपीत टाइप करतो, आणि त्याचं स्पेलिंग माणसागणिक वेगळं. कुणी पंचांगात एक 'ए' लिहितं, कुणी दोन; कुणी सरळ 'मराठी कॅलेंडर' असं लिहितं. प्रत्येक वेळी यादी थोडी बदलते. हुशार ॲपवाला ही सगळी रूपं वर्णनात पेरून ठेवतो. चंद्रोदयाचं गणित नीट करणाऱ्या माणसाला हे सुचेलच असं नाही. चांगलं बनवणं आणि सापडेल असं मांडणं ही दोन वेगळी कसबं आहेत, आणि दुकान दुसऱ्या कसबाला जास्त मार्क देतं.

त्यावर पुन्हा जाहिराती. ॲपलने ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत शोधनिकालांच्या माथ्यावर पैसे घेऊन जागा द्यायला सुरुवात केली. गूगल त्याआधीपासून देत होतं. आपल्या स्टोअरमधले सुमारे ६५ टक्के डाउनलोड शोधानंतर लगेच होतात, असं ॲपल सांगतं. कुणाला? जाहिरातदारांना. म्हणजे ज्या चौकात सगळे येतात तिथलीच टपरी विकायला आहे. जो पैसे भरून वर बसतो त्याला ते कुठून तरी वसूल करावे लागतात, आणि तो 'कुठून तरी' म्हणजे आपण: दर दोन टिचक्यांनी जाहिरात, नाहीतर 'तीन दिवस मोफत'च्या मागे लपलेली वर्गणी.

दुकानदार स्वतःचा मालही विकतो, हे इथे सांगायला हवं. २०१९ मध्ये द न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की किमान ७०० शब्दांसाठी शोध घेतला तर ॲपलचंच एखादं ॲप पहिलं येत होतं. आमचं सूत्र बरोबरच होतं असं कंपनीने सांगितलं, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ते सूत्र बदललेलंही होतं.

गर्दी गर्दीला बोलावते

समजा जाहिरात नाही, लबाडी नाही, सगळे सरळ वागतात. तरीही चांगलं वर येईल का? यावर एक सुंदर प्रयोग झालेला आहे, तो जरा सविस्तर सांगतो.

कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी फारशा कोणाला माहीत नसलेल्या बँडची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली. १४,३४१ लोक आले. त्यांनी गाणी ऐकायची, हवी ती उतरवून घ्यायची. काही लोकांना गाणं किती जणांनी उतरवलं हे दाखवलंच नाही. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटलं, आणि प्रत्येकाला आपापल्या जगातला आकडा दिसत होता. गाणी तीच, ऐकणारे तसेच. पण आठ जगांत आठ वेगळ्या याद्या तयार झाल्या. आकडे न बघणाऱ्यांनी मधल्या क्रमांकावर टाकलेलं एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं. हा निबंध २००६ मध्ये 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात छापून आला. त्याचा निष्कर्ष असा: सर्वांत चांगली गाणी सहसा अगदी तळाला जात नाहीत, सर्वांत वाईट सहसा वर येत नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकतं.

डाउनलोडचा आकडा म्हणजे हेच. सुरुवातीला कुणाच्या तरी नशिबाने चार लोक जास्त आले, मग 'बरेच लोक वापरतात म्हणजे चांगलं असणार' म्हणून चाळीस आले, मग चार हजार. जत्रेत ज्या वडेवाल्याकडे रांग आहे तिथेच आपण उभे राहतो. शेजारच्याचे वडे कसे आहेत ते आपल्याला कधीच कळत नाही, आणि आपण उभे राहिल्यामुळे रांग आणखी लांब दिसते. लाखाचा आकडा खोटा नसतो. तो फक्त आपण समजतो ते सांगत नसतो.

तारे कुणी दिले?

अर्थशास्त्रज्ञ वस्तूंचे तीन प्रकार करतात, आणि ॲपचा सगळा घोळ समजायला मला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही सापडलं नाही. पहिला प्रकार बघून कळणारा: खणाचा रंग, ताटाचा आकार. दुसरा वापरून कळणारा: आंबा. पेटीतला वरचा थर देखणा असतो, खालचा कसा निघाला हे घरी गेल्यावर समजतं, पण समजतं. तिसरा प्रकार वापरूनही न कळणारा. गॅरेजवाला म्हणाला, "अमुक पार्ट बदलला", तर आपण मान डोलावतो. खरंच बदलला का, बदलायची गरज होती का, हे आपल्याला गाडी चालवूनही सांगता येत नाही. या तिसऱ्या प्रकाराबद्दल मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये लिहिलं. विश्वासावर घ्यायचा माल, असं त्याला म्हणता येईल.

ॲपचा खेळकर भाग दुसऱ्या प्रकारात मोडतो. गेम कंटाळवाणा आहे हे खेळल्यावर कळतं. पण महत्त्वाचा भाग तिसऱ्यात. बॅटरीच्या उजेडाचं ॲप उजेड देतं म्हणून त्याला पाच तारे; मागच्या दाराने ते काय करतं? २०१३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' या ॲपवर कारवाई केली. लोकांनी ते कोट्यवधी वेळा उतरवलेलं होतं, आणि ते माणसाचा ठावठिकाणा जाहिरात कंपन्यांना पुरवत होतं. उजेड चांगला पडत होता, म्हणून तारेही चांगले होते.

पंचांगही तिसऱ्याच प्रकारातलं. चंद्रोदय चुकीचा आहे हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कळणार, आणि ज्याला माहीत आहे तो ॲप उघडेल कशाला? आत्याने त्या ॲपला स्वतः पाच तारे दिले होते. खाली लिहिलं होतं, 'गणपती छान आहे.'

तारे फुगण्याची आणखी कारणं आहेत. ॲप तारे कधी मागतं ते आठवून बघा. लेव्हल जिंकल्यावर, बिल भरलं गेल्यावर, म्हणजे आपण खुशीत असताना. पैसे अडकल्यावर कोणी "कसं वाटलं?" म्हणून विचारत नाही. काही ॲप आधी हळूच विचारतात, "आवडलं का?" 'हो' म्हणालात की थेट दुकानाच्या पानावर नेतात, 'नाही' म्हणालात की एक फॉर्म देतात जो दुकानापर्यंत जातच नाही. ॲपलने २०१७ मध्ये तारे मागणारा प्रश्न वर्षातून तीनदाच दाखवायची सोय आणली. गूगलने २०१९ मध्ये जुन्या ताऱ्यांपेक्षा नव्या ताऱ्यांना जास्त वजन द्यायला सुरुवात केली. बरं झालं, पण त्यामुळे साडेचार आणि चार-पॉइंट-सात यांतला फरक काही अर्थपूर्ण झाला नाही. विकत मिळणाऱ्या खोट्या रिव्ह्यूंबद्दल तर काय बोलायचं. एकाच छापाची, एकाच आठवड्यात आलेली 'नाइस ॲप, व्हेरी गुड' वाचली की ओळखू येतात.

चांगला विक्रेता दुकान का सोडतो

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि २००१ मध्ये त्यांना त्यासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुद्दा असा: गाडी आतून कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्यांनाच बेताची किंमत देतो. चांगली गाडी असलेल्याला ती किंमत परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरलेल्या गाड्यांचा दर्जा घसरतो, किंमत आणखी पडते, आणखी कोणीतरी निघून जातो.

ॲपच्या बाजारात ही किंमत शून्याला टेकली आहे. शंभर रुपयांचं बरोबर पंचांग आणि फुकटचं चुकीचं पंचांग बाहेरून सारखीच दिसत असतील तर शंभर रुपये कोण देईल? मी तरी दिले नव्हते. मग बरोबर पंचांगवाला एक तर जाहिराती घालतो, नाहीतर दोन वर्षांनी अपडेट करणं सोडून देतो.

शिवाय नक्कल. 'थ्रीज' हा आकड्यांचा छोटासा गेम फेब्रुवारी २०१४ मध्ये विकत मिळू लागला. करणाऱ्यांनी त्यावर सुमारे १४ महिने घालवले होते. महिनाभरात त्याच कल्पनेचा फुकट '२०४८' आला, तो म्हणे शनिवार-रविवारात लिहिलेला. लोकांच्या फोनमध्ये कुठला पोचला हे सांगायला नको. त्याच सुमाराला व्हिएतनामच्या डाँग न्गुयेन यांचा 'फ्लॅपी बर्ड' अचानक जगभर गाजला आणि त्यांनी तो स्वतःहून मागे घेतला; मग त्याच्यासारख्या पक्ष्यांचे थवेच्या थवे दुकानात उतरले.

नकलेची पुढची पायरी म्हणजे तोतया. नोव्हेंबर २०१७ मध्ये प्ले स्टोअरवर व्हॉट्सॲपच्या अपडेटच्या नावाखाली एक ॲप आलं. बनवणाऱ्या कंपनीचं नाव हुबेहूब खऱ्या कंपनीचं. युक्ती एवढीच की नावाच्या शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा टाकलेली होती. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावं, माणसाच्या डोळ्याला एकच. काढून टाकेपर्यंत १० लाखांहून जास्त लोकांनी ते घेतलेलं होतं. मला ही युक्ती आजही थक्क करते, कारण इथे 'नीट बघून घ्या' हा सल्लासुद्धा लंगडा पडतो. बघणार काय?

'आमच्याकडे नाही' म्हणणारा कोणी नाही

वाण्याकडे नसलेली वस्तू मागितली तर तो "नाही" म्हणतो. ॲपच्या दुकानाला हा शब्द येत नाही. काहीही लिहा, काहीतरी दाखवणारच. जानेवारी २०२१ मध्ये कोविडच्या लशीची नोंदणी सरकारच्या कोविनवर होणार असं जाहीर झालं आणि लोक ॲप शोधू लागले. लोकांसाठीचं खरं ॲप अजून आलेलंच नव्हतं. त्या नावाची दुसरी ॲप मात्र दुकानात हजर होती, आणि ती उतरवून माहिती भरू नका असं आरोग्य मंत्रालयाला जाहीरपणे सांगावं लागलं. शोधाचं बरोबर उत्तर 'अजून नाही' हे होतं. ते द्यायची यंत्राला सोयच नव्हती.

हे उपासाच्या चंद्रापुरतं असतं तर हसून सोडता आलं असतं. पण अडलेला माणूस रात्री अकरा वाजता 'इन्स्टंट लोन' असं लिहितो तेव्हाही हेच यंत्र, याच खुणा बघून यादी पुढे करतं. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत अशाच शब्दांनी शोध घेतला. भारतातल्या अँड्रॉइड फोनधारकांसाठी ८० हून अधिक ॲप-दुकानांत मिळून सुमारे १,१०० कर्ज देणारी ॲप सापडली; त्यातली ६०० बेकायदा होती. निम्म्याहून जास्त. फोनमधले सगळे नंबर आणि फोटो आधी मागून घ्यायचे, हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन लावायचे, हे त्यांतल्या अनेकांचं वसुलीचं तंत्र. पुढे सरकारने संसदेत सांगितलं की सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलने अशी २,२०० हून अधिक ॲप काढून टाकली. काढली हे चांगलंच. पण ती सगळी कधीतरी दारातून आत आलेली होती. रिझर्व्ह बँकेने आता बँका आणि वित्तसंस्थांनी कळवलेल्या कर्ज-ॲपची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. कर्जाच्या बाबतीत शोध तिथून सुरू करायचा, दुकानातून नाही.

दुकानं साफसफाई करतच नाहीत असं नाही. ॲपफिगर्सच्याच मोजणीत एप्रिल २०२५ पर्यंत प्ले स्टोअरमधली ॲप ३४ लाखांवरून सुमारे १८ लाखांवर आली. एकच वॉलपेपर असलेली, नुसती पीडीएफ दाखवणारी, काहीच न करणारी ॲप गूगलने झाडून टाकली. नव्या वैयक्तिक खात्यांना असा नियम घातला की आधी २० जणांकडून सलग १४ दिवस ॲप वापरून घ्या, मगच दुकानात आणा. पुढे २० चे १२ केले. नियम कचरा टाकणाऱ्यांसाठी आहे, पण त्याचा त्रास होतो तो एकट्याने काम करणाऱ्याला. कचरेवाल्याला बारा माणसं भाड्याने मिळतात. निवृत्त प्राध्यापकाने हौसेने सूर्यसिद्धांताचं ॲप बनवलं तर त्याने दोन आठवडे अँड्रॉइडवाले बारा नातेवाईक कुठून गोळा करायचे? १८ लाख हा आकडाही काही वाचून संपणारा नाही, ते वेगळंच.

मग मी आता काय करतो

दुकानात शोधायचं मी जवळजवळ बंद केलं आहे. दुकानात घ्यायला जातो, शोधायला नाही. मुंबईत लोकलच्या वेळापत्रकाचं 'एम-इंडिकेटर' जुन्या बटणांच्या फोनपासून लोकांकडे आहे. ते फलाटावर शेजारच्याच्या फोनमध्ये बघून, विचारून पसरलेलं आहे. रोज ८.१२ पकडणारा माणूस म्हणतो ते बरोबर आहे, याला कुठल्या ताऱ्यांची बरोबरी नाही. सरकारी कामाचं ॲप असेल तर त्या खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन तिथल्या बटणाने दुकानात शिरायचं. व्हॉट्सॲपवर कुणी थेट एपीके फाइल, म्हणजे दुकानाला वळसा घालून फोनमध्ये बसणारं ॲप, पाठवली तर ती उघडायचीच नाही, पाठवणारा सख्खा मावसभाऊ असला तरी. त्याचाच फोन कुणाच्या तरी ताब्यात गेलेला असू शकतो.

दुकानाच्या पानावर पोचल्यावर पाच तारेवाले आणि एक तारेवाले दोघांनाही वगळून दोन आणि तीन तारेवाल्यांचं वाचायचं. पाचवाले खुश असतात, एकवाले चिडलेले असतात. मधले लोक नेमकं काय बिघडलं ते सांगतात. शेवटचं अपडेट कधीचं आहे बघायचं. त्याच माणसाची बाकीची ॲप बघायची: पंचांग, व्हिडिओ डाउनलोडर, वजन कमी करा आणि बॅटरी सेव्हर एकाच छताखाली दिसले की परत फिरायचं. हे सगळं दोन मिनिटांचं काम आहे.

पण खरी परीक्षा ताऱ्यांवर नसते. ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं माहीत आहे असा एक प्रश्न ॲपला विचारायचा. पक्षी ओळखणारं ॲप असेल तर आधी कावळा दाखवायचा. शब्दकोश असेल तर आपल्या गावाकडचा, अर्थ ठाऊक असलेला शब्द. बसचं असेल तर आपली रोजची बस. तिसऱ्या प्रकारच्या मालाला दुसऱ्या प्रकारात ओढून आणायची एवढीच एक युक्ती सामान्य माणसाच्या हातात आहे. तिला मर्यादाही आहेत: आपली माहिती ते मागच्या दाराने कुठे पाठवतं, हे कावळा दाखवून कळत नाही. तिथे निदान परवानग्या तरी बघायच्या. कॅलक्युलेटरला फोनमधले नंबर कशाला हवेत?

मागच्या महिन्यात नागपूरला गेलो तेव्हा आत्याशेजारी बसून पाच पंचांगं उतरवली. प्रत्येकात एकाच संकष्टीचा चंद्रोदय आधी मुंबईसाठी आणि मग नागपूरसाठी बघायचा. दोघांनी दोन्ही गावांना एकच वेळ दिली. एकाने गाव विचारलं, पण त्याआधी फोनमधल्या सगळ्या फोटोंची परवानगी मागितली. एक उघडेपर्यंत तीन जाहिराती झाल्या. पाचवं यादीत इतकं खाली होतं की बोट दुखलं. त्याने गाव विचारलं, तालुक्यासकट, आणि दोन वेळांत पंचवीस मिनिटांचा फरक दाखवला. आत्याने भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं. जुळलं.

आयकॉन राखाडी होता, त्यावर नुसती चंद्रकोर. आत्याने फोन उलटासुलटा करून पाहिला.

"बरोबर आहे, पण याच्यावर गणपती नाही ना रे."